नऊ वाती

सुरुंगाची वात जळताना दिसत नाही, हे खाणीत नोकरीला लागेपर्यंत मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, ठिणगी दोरीवरून धावत जात असेल, लहान मुलांच्या चित्रांत असते तशी. तसं काही नसतं. टोकाला आग लावली की एक फूत्कार येतो आणि मग सगळं आत जातं. वरचं काळं वेष्टण जागच्या जागी राहतं, जरा गरम होतं, थोडा धूर सुटतो. वातीच्या पोटात आग चालत असते आणि बाहेर तिला पेटवणारा माणूस चालत असतो, दगडी आडभिंतीकडे. दोघांपैकी माणसाने आधी पोचायचं.

आमच्या खाणीत एकतीस वर्षं असं चालत आलेले गृहस्थ म्हणजे माझे सासरे.

बाबांचा नियम असा, की वात पेटवल्यावर पळायचं नाही. पळणारा पडतो. चालायचं, आणि रोजच्यासारखंच चालायचं. खडकापासून आडभिंतीपर्यंत त्यांना एकशे पाच सेकंद लागतात. भिंत बांधली तेव्हा त्यांनीच पुन्हा पुन्हा चालून हा आकडा वहीत लिहून ठेवलेला आहे. एक मीटर वात एकशे वीस सेकंद जळते, हे खोक्यावर छापलेलं असतं. उरले पंधरा. त्या पंधरा सेकंदांत बाबा भिंतीमागे टेकायचे, बाटलीचं झाकण उघडायचे, एक घोट प्यायचे आणि मग आवाज व्हायचा. घड्याळ त्यांनी कधी वापरलं नाही.

वातीची नवी खेप आली आणि तिसऱ्याच दिवशी ते जेवताना म्हणाले, "ही वात घाईची आहे."

"कशावरून?"

"झाकण उघडून होत नाही, तोवर उडतंय."

मी खाणीच्या चाचणीच्या खोलीत काम करते. दगडाची ताकद, वाळूतली माती, वातीचा वेळ, असलं मोजायचं काम. त्यामुळे दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं तेव्हा मला वाटलं, बाबांनी तक्रार केली असणार. पण बाबा काही बोलले नव्हते. साहेबांनी स्वतःच कचेरीच्या सज्जातून पाहिलं होतं.

"काल ते भिंतीआड जेमतेम गेले आणि उडालं," साहेब म्हणाले. "परवाही तेच. आता स्पष्ट विचारतो, राग मानू नका. वात घाईची झाली की पाय सावकाश झाले?"

बाबा अठ्ठावन्न वर्षांचे आहेत. जिना चढताना हल्ली ते मुंगीला कडेवर घेत नाहीत. मुंगी म्हणजे माझी अकरा महिन्यांची मुलगी. मी ते पाहिलं होतं आणि कोणाला सांगितलं नव्हतं.

"चाचणी करा," साहेब म्हणाले. "वात कमी भरली तर खेप परत पाठवू. वात ठीक निघाली तर त्यांना सोमवारपासून कोठीत बसवू. सुरुंग बंद. जिवाशी खेळ नको."

एवढं सरळ होतं ते. वात किंवा बाबा.

कोठी मावशींच्या ताब्यात असते. त्यांची खरी भाची कोण ते कुणालाच माहीत नाही, पण साहेबांसकट सगळे त्यांना मावशी म्हणतात. त्यांच्या हातून सरळ खिळा सुटत नाही. आधी वाकडे खिळे ठोकून सरळ करून वापरायचे, मग नवे.

"वात जाळायलाच हवीय ना?" त्या म्हणाल्या. "मग डब्यातली ने. किती?"

"दहा."

"दहा कशाला? नऊ ने. एक उरू दे."

नऊ मला चाललं असतं. नवाचं वर्गमूळ तीन, आकडेमोड सोपी. डब्यात वेतावेताचे तुकडे होते, नव्या खेपेचे. चाचणीच्या खोलीत वर्षानुवर्षं तेच जाळत आले आहेत. वीस सेंटिमीटरचा तुकडा, खोक्याच्या हिशेबाने चोवीस सेकंद जळायला हवा. मी नऊ जाळले. सरासरी निघाली चोवीस पूर्णांक चार. म्हणजे वात घाईची नव्हतीच, झालीच तर जरा आळशी होती. मी तीनदा पडताळून पाहिलं. मग कागदावर सही केली आणि साहेबांच्या टेबलावर ठेवला. पाळणाघरात गेले तेव्हा मुंगी माझ्या ओढणीचा वास घेऊन शिंकली, आणि मला उगाचच रडू आलं.

घरी मीच सांगायचं ठरवलं. बाबा खिडकीपाशी बसून मुंगीला भात भरवत होते. अर्धा तिच्या तोंडात, अर्धा त्यांच्या बाहीवर.

"वात ठीक आहे, बाबा."

त्यांचा हात थांबला नाही. पुढचा घास गेला. "बरं."

"मी नीट मोजलंय."

"तू नीटच मोजणार. त्याची मला खात्री आहे." मग वाटी खरवडत, "कोठीत त्या बाईसमोर बसायचं म्हणजे वाकडे खिळे ठोकायला लागणार. ठोकू."

मी ताट उचलायला वाकले तेव्हा त्यांनी विचारलं, अगदी सहज, जसं कोणी दुसऱ्याच्या मुलाची चौकशी करावी, "जळताना बोलली कशी?"

"कोण?"

"वात. आवाज कसा केला?"

"जरा फुरफुरत होती. चुर्र, चुर्र. थांबून थांबून."

त्यांनी वाटी खाली ठेवली. "फुरफुरते ती ओली. माझी वात फुरफुरत नाही. कुठली जाळलीस तू?"

"डब्यातली. वेताची."

बाबा इतक्या मोठ्याने हसले की मुंगी दचकली. "अगं सूनबाई! ती टोकं! वेटोळं उघडलं की पहिलं वेतभर आम्ही कापून टाकतो. टोकाची दारू हवेतलं पाणी पिते, दमट होते, सावकाश जळते, म्हणून तर कापतो! फेकू देत नाही ती बाई, म्हणून डबा!"

मी ताट तिथेच ठेवलं आणि सगळे आकडे पुन्हा मनात मांडले.

माझी बेरीज बरोबर होती, भागाकार बरोबर होता, घड्याळ बरोबर वाचलं होतं. फक्त मी ज्या वातीबद्दल बोलत होते ती कोणी वापरतच नव्हतं. वापरायची नाही म्हणून जी कापून टाकली, तिला विचारून मी वापरायच्या वातीचा निकाल दिला होता, आणि त्या निकालाखाली माझी सही होती. माझ्याआधीच्या सगळ्यांनी तेच केलं होतं. कोणालाही खटकलं नव्हतं, कारण चाचणीच्या खोलीत बसणारा सुरुंग लावत नाही आणि सुरुंग लावणारा चाचणीच्या खोलीत येत नाही. ते दोघं एका घरात जेवत असतील, असं आमच्याकडे पहिल्यांदाच झालं होतं.

सकाळी मी साहेबांकडे गेले आणि सांगितलं, की कालचा कागद फाडा.

"आता सासऱ्यांसाठी दुसरा आणणार का?" साहेबांनी विचारलं. आवाजात टोमणा नव्हता, खरंच विचारत होते.

"म्हणूनच घड्याळ तुम्ही धरायचं," मी म्हटलं. "माझा अंगठा माझ्या मनाचं ऐकेल."

आग लावायच्या आधी मी वहीत तीन ओळी लिहिल्या. पहिली ओळ: या खेपेची वात मीटरला सरासरी एकशे वीस सेकंद जळते, हे तोपर्यंत खरं धरायचं. दुसरी: शंका अशी की ती त्याहून कमी जळते. तिसरी: एक पूर्णांक श्याऐंशी. हा आकडा पुस्तकाच्या शेवटी असलेल्या तक्त्यातला. नऊ नमुन्यांचा फरक त्यांच्या नेहमीच्या डगमगीच्या एवढ्या पटींहून मोठा निघाला, म्हणजे या रेघेच्या पलीकडे गेला, तरच शंकेला खरं म्हणायचं. नुसत्या योगायोगाने तो पलीकडे जायची शक्यता शंभरात पाच. रेघ आधी मारायची. निकाल बघून मारलेली रेघ हवी तिकडे सरकते.

त्या तक्त्याचं मला कॉलेजात असल्यापासून नवल वाटतं. ज्याच्याकडे हजार नमुने आहेत त्याला तो फार छळत नाही. नऊवाल्याकडे जास्त मागतो, पाचवाल्याकडे त्याहून जास्त. थोडंच पाहिलंस ना, मग मोठा फरक दाखव, तरच तोंड उघड. किती कमी माहीत आहे, हेसुद्धा कोणीतरी बसून मोजून ठेवलंय. आपल्या अज्ञानाला लांबी-रुंदी असते, ही गोष्ट मला अजून पूर्णपणे पचलेली नाही.

चाळीस वेटोळी होती. मावशींनी चाळीस चिठ्ठ्या टोपीत टाकल्या, डोळे मिटून नऊ काढल्या आणि मग त्या नऊ वेटोळ्यांच्या मधोमध मीटरभर वातीसाठी कात्री लावताना प्रत्येक वेळी म्हणाल्या, "जीव जातो गं माझा."

"जाऊ दे," साहेब म्हणाले. "तुमचाच जातोय, सुरुंगवाल्याचा नाही."

मी पेटवत होते, साहेब घड्याळ धरून उभे, मावशी आकडा लिहीत होत्या. पहिली वात पेटली. फूत्कार, आणि मग काही नाही. फुरफुर नाही. इतकी शांत, की मला वाटलं विझली. काळी दोरी फरशीवर पडलेली, आणि तिच्या आत काहीतरी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे निघालेलं. मी हात जवळ धरला. ऊब सरकत होती. जिथे ऊब होती तिथे आग होती आणि तिथून पुढे अजून काहीच घडलेलं नव्हतं. पोटात मुंगी पहिल्यांदा हलली होती तेव्हा मी अशीच बसले होते, श्वास न घेता, आत काय चाललंय त्याचा बाहेरून अंदाज घेत. मग दुसऱ्या टोकातून लाल जीभ बाहेर आली आणि साहेबांनी अंगठा दाबला.

"एकशे तेरा."

मग एकशे अठरा. एकशे दहा. एकशे सोळा. पाचवी एकशे एकवीस, खोक्यावरच्या आकड्याच्याही वर. एकशे बारा, एकशे पंधरा, एकशे नऊ, आणि शेवटची पुन्हा एकशे बारा. कोणी कोणासारखी नाही. एकाच कारखान्याच्या, एकाच खेपेच्या, तरी प्रत्येकीची चाल वेगळी.

सरासरी एकशे चौदा. सहा सेकंद कमी.

"नऊ वातींवरून चाळीस वेटोळ्यांचा निकाल?" साहेब म्हणाले. "सहा सेकंद तर इकडेतिकडे होणारच."

"होणार. म्हणूनच बघायचं, त्या आपापसांत किती इकडेतिकडे होतात." मी फरक मांडले, वर्ग केले, आठांनी भागलं. साहेबांनी बोट ठेवलं, नऊ असताना आठांनी का? मी सांगितलं, की एकदा सरासरी ठरली की आठ आकडे हवे तिथे भटकू शकतात, नवव्याला मात्र सोय नाही. बाकीचे कुठे गेलेत ते बघून त्याला सगळ्यांची बेरीज जुळवून द्यावी लागते.

"प्रत्येक घरात असतं एक असं," मावशी म्हणाल्या.

भागून आलेल्या आकड्याचं वर्गमूळ काढलं, तर फैलाव चारच्या आत निघाला. त्याला नवाच्या वर्गमुळाने, म्हणजे तिनाने भागलं, की नऊंच्या सरासरीत साधारण किती डगमग असावी ते कळतं: सव्वा सेकंदाहून किंचित जास्त. आणि आमचा फरक सहा. डगमगीच्या साडेचार पटींहूनही मोठा. रेघ होती एक पूर्णांक श्याऐंशीला. आम्ही तिच्या कितीतरी पलीकडे उभे होतो.

साहेबांनी वहीतले नऊ आकडे पुन्हा वाचले. चाळीस वेटोळ्यांतली शेकडो मीटर वात अजून कोणी जाळली नव्हती, कोणी जाळणारही नव्हतं, आणि तरी तिच्याबद्दल आमच्या फरशीवरच्या नऊ राखेच्या रेघा बोलल्या होत्या. मग ते म्हणाले, "सासऱ्यांना सांगा, सोमवारी कोठीत नको. खडकावर या. खेप परत जाईल, पण नवी यायला महिना लागेल. तोवर हीच वात, हे लक्षात ठेवून."

मी धावतच बाबांकडे गेले. वाटलं, हसतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आकडे दोनदा विचारले.

"वातीचा न्याय झाला," ते म्हणाले. "आता माझा कर."

"तुमचा कसला? वात घाईची निघाली ना!"

"वात घाईची निघाली म्हणून मी सावकाश झालो नाही, असं कुठे निघतं? दोन्ही खरं असू शकतं. एकशे पाच मी लिहिलेत. तेव्हा गुडघे वेगळे होते. मला नऊ वेळा चालव."

मी नाही म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. तीन दिवस, रोज तीन फेऱ्या, खांद्याला रोजची पिशवी, फक्त वात न पेटवता. या वेळी घड्याळ मावशींनी मागून घेतलं. "मला कोणीच आवडत नाही," त्या म्हणाल्या, "मी अगदी योग्य." मी वहीत पुन्हा तीन ओळी लिहिल्या. बाबांची चाल सरासरी एकशे पाच, शंका, की त्याहून जास्त, रेघ तीच. वातीवर शंका घेणं सोपं असतं.

एकशे चार. एकशे एक. एकशे नऊ. एकशे तीन. एकशे अठरा. एकशे सहा. एकशे दोन. एकशे आठ. एकशे बारा.

सरासरी एकशे सात. दोन सेकंदांनी जास्त. पण फैलाव वातीपेक्षा मोठा, साडेपाचच्या आसपास, आणि हिशेब मांडला तर उत्तर आलं एक पूर्णांक एक. रेघेच्या अलीकडे.

संध्याकाळी मी वही त्यांच्यापुढे ठेवली. मुंगी त्यांच्या मांडीवर उभी राहून त्यांचे कान ओढत होती.

"सिद्ध होत नाही, बाबा!"

"काय सिद्ध होत नाही?"

"तुम्ही सावकाश झालात ते."

"म्हणजे झालो नाही?"

खोटं बोलता आलं असतं. "तसं नाही म्हणता येत. झाला असाल, नसालही. नऊ फेऱ्यांवरून 'झालात' असं मला म्हणता येत नाही, एवढंच."

"छान आहे तुझी विद्या," ते म्हणाले, आणि ते चेष्टेने म्हणत नव्हते. "जेवढं दिसतं तेवढंच बोलते. माणसं असं कुठे बोलतात?" मग चष्मा लावून त्यांनी आकड्यांवरून बोट फिरवलं. बोट पाचव्यावर थांबलं. "हा एकशे अठरा?"

"दुसऱ्या दिवशीचा दुसरा. तुम्ही वळणावर थांबला होतात."

"पायाखाली खडी सरकली. उभा राहून श्वास घेतला." बोट तिथेच. "आणि तुझ्या वातींत सगळ्यात घाईची किती?"

"एकशे नऊ."

मला त्यांचं मन वाचायला लागलं नाही, दोन्ही आकडे माझ्याही समोर होते. दुपारपासून मी दोन सरासऱ्या घेऊन फिरत होते, एकशे चौदा आणि एकशे सात. सात सेकंद शिल्लक, म्हणजे बरंच की, असं स्वतःला सांगत होते.

"सरासरी मला मारणार नाही, बाळ," बाबा म्हणाले. "एकशे नऊवाली वात आणि एकशे अठरावाली चाल एकाच दिवशी भेटली, तर ती मारेल."

मुंगीने त्यांचा चष्मा ओढला. त्यांनी तो तिला घेऊ दिला.

बाबांनी एकतीस वर्षं नाकापासून लांबवलेल्या बोटांपर्यंत ताणून बरोब्बर मीटर वात कापली. कोणी जास्त कापली की ते तिला भित्र्याची वात म्हणायचे, चारचौघांत. दुसऱ्या दिवशी त्याच चारचौघांत त्यांनी साहेबांना सांगितलं, की इथून पुढे दीड मीटर, मी आणि सगळेच, आणि वहीत तसं लिहा. कोणीतरी हळूच म्हणालं, "भित्र्याची?" बाबा म्हणाले, "हो. लिही तसंच. पुढच्यांना कळेल तरी."

सोमवारी साहेबांनी मला आडभिंतीमागे थांबायची परवानगी दिली. भोंगा झाला. वळणापलीकडे बाबांनी वात पेटवली असणार. मला तिथून काही दिसत नव्हतं. त्यांची सरासरी मला माहीत होती, फैलाव माहीत होता, त्यांनी अजून न चाललेल्या शेकडो फेऱ्यांबद्दल मी काहीतरी ठामपणे म्हणू शकत होते. आणि ही जी एक फेरी आत्ता चालू होती, खडीवरून, गुडघ्यांनिशी, पिशवीसकट, हिच्याबद्दल मला काहीही माहीत नव्हतं. एवढी मोठी विद्या, आणि तिच्यात ही एक फेरी बसेल एवढी जागा नव्हती. मला भीती वाटायला हवी होती. वाटलं ते भीतीपेक्षा मोठं होतं; त्याला नाव नाही माझ्याकडे. दोन्ही हात भिंतीच्या दगडावर सपाट ठेवून मी उभी होते.

वळणावर आधी टोपी दिसली, मग खांदे. रोजच्यासारखे चालत होते.

"सरक जरा," भिंतीआड येत बाबा म्हणाले, आणि माझ्याशेजारी टेकले.